मेलबर्नमधल्या घरगुती पाळणाघराचं रेटिंग 'वर्किंग टुवर्ड्स' असेल तर मुलीला तिथे ठेवावं का?

तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे, घराजवळच्या एका मराठी ताईंचं फॅमिली डे केअर, म्हणजे घरगुती पाळणाघर तुम्हाला आवडलंय, पण 'स्टार्टिंग ब्लॉक्स' या सरकारी वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे 'वर्किंग टुवर्ड्स' (म्हणजे ठरलेल्या दर्जाला अजून पुरेपूर न पोचलेलं) दिसल्यामुळे तुमचं मन धजत नाहीये. मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत काही वर्षं फॅमिली डे केअरची कोऑर्डिनेटर होते, अशी घरं तपासणं हेच माझं काम होतं. म्हणून आधी हे सांगते: तुम्ही वाचलेलं रेटिंग त्या ताईंच्या घराचं नाहीच.

२०१२ पासून ऑस्ट्रेलियात जी राष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात रेटिंग मिळतं ते 'सर्व्हिस'ला, म्हणजे ताई ज्या संस्थेखाली नोंदलेल्या आहेत तिला. अशा एका संस्थेखाली कितीतरी घरं असतात. राज्याच्या नियामक यंत्रणेचे अधिकारी येतात तेव्हा संस्थेचं ऑफिस आणि दप्तर बघतात आणि घरं बघतात ती नमुन्यादाखल, काही मोजकी. तुमच्या ताईंच्या दारापर्यंत ते कधी पोचलेही नसतील. आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. 'एक्सीडिंग'वाल्या, म्हणजे ठरलेल्या दर्जापेक्षा सरस ठरलेल्या संस्थेचं घर असलं तरी तेच घर कुणी पारखलंय असं धरून चालू नका. पालक नेमके इथेच गाफील राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता 'वर्किंग टुवर्ड्स' लागतं कसं ते बघा. सात क्वालिटी एरिया, म्हणजे तपासणीचे विभाग आहेत, त्यांत मिळून १५ स्टँडर्ड (निकष) आणि त्यांचे ४० एलिमेंट (बारीक मुद्दे). चाळिसांपैकी एक जरी एलिमेंट पुरा होत नसला तरी तो एरिया खाली येतो आणि त्याच्यासोबत एकूण रेटिंगही. त्यामुळे एकूण शब्दावर थांबू नका, सातही एरियांचं वेगवेगळं रेटिंग उघडून वाचा. पहिल्या एरियात, म्हणजे मुलांचा कार्यक्रम आणि त्याच्या नोंदी यांत कमी पडले असतील तर मी बोलून बघेन, सुधारणा काय केली ते विचारेन. दुसऱ्या एरियात, म्हणजे आरोग्य आणि सुरक्षिततेत कमी पडले असतील, तर नेमकं काय आढळलं ते संस्थेकडून स्पष्ट कळल्याशिवाय पुढे जाणार नाही. सातव्याचं, म्हणजे कारभाराचंही तसंच, कारण घरांवर देखरेख तिथूनच होते. तारीखही बघा, रेटिंग कित्येकदा काही वर्षांपूर्वीचं असतं. 'सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट रिक्वायर्ड', म्हणजे सगळ्यात खालचं रेटिंग असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं.

घर खरोखर बघते ती कोऑर्डिनेटर. संस्थेने प्रत्येक घराची सुरक्षा तपासणी वर्षातून एकदा तरी करायचीच असते. शिवाय संस्थेच्या पहिल्या वर्षात दर १५ एज्युकेटरमागे (म्हणजे या ताईंसारख्या घरी मुलं सांभाळणाऱ्यांमागे) एक आणि नंतर दर २५ मागे एक पूर्णवेळ कोऑर्डिनेटर लागते. पंचवीस घरं एका बाईने सांभाळायची म्हणजे काय होतं ते मी अनुभवलंय. संस्था चांगली असेल तर भेटी न सांगता आणि वरचेवर होतात, नसेल तर फोनवर भागवलं जातं.

मी घरात शिरले की आधी सिंकखालचं कपाट उघडायचे. ब्लीच, डिशवॉशरच्या गोळ्या, सगळं तिथेच असतं. कुलूप बसवलेलं असतं, पण दिवसभर उघडझाप करून कंटाळा आला की ते तसंच उघडं राहतं. मग मागच्या अंगणाचं फाटक ढकलून सोडून द्यायचं आणि आपोआप खिटी बसते का बघायचं. मग झोपायची खोली. आपल्या घरांमध्ये पाळण्यात आजीने शिवलेलं दुपटं, मोहरीची उशी असं सगळं मायेने घातलेलं असतं. मी ते बाहेर काढायला लावायचे, दर वेळी, कुणाला राग आला तरी. तान्ह्या बाळाच्या तोंडावर ते आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. तुम्हीही हे तिन्ही बघा, बघू देतात का तेही बघा.

मग मुलांची मोजणी. एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं आणि त्यांत शाळेत न जाणारी चारच. ताईंची स्वतःची तेरा वर्षांखालची मुलं घरात असतील आणि त्यांना बघायला दुसरं मोठं माणूस नसेल तर तीही यातच धरली जातात. शाळेच्या सुट्टीत हमखास इथे गडबड होते, म्हणून सुट्टीतलं विचारा.

आपल्या लोकांमध्ये आणखी एक गोष्ट होते. भारतातून सासू-सासरे पाच-सहा महिने राहायला येतात. अठरा वर्षांवरचं कुणीही त्या घरात राहायला आलं की ताईंनी संस्थेला कळवलं पाहिजे, आणि ती व्यक्ती मुलांच्या आसपास असायला योग्य आहे याची खात्री संस्थेने करून घेतली पाहिजे. हा अपमान नाही, नियम आहे आणि तो योग्य आहे. "सध्या घरात कोण कोण राहतं?" असं मोकळेपणाने विचारा. नीट काम करणाऱ्या ताई या प्रश्नाने दुखावत नाहीत.

शेवटी भेटींची नोंदवही मागा. मुलं असताना घरात आलेल्या प्रत्येकाची नोंद तिथे ठेवावी लागते, त्यात कोऑर्डिनेटर शेवटची कधी आली हेही दिसतं. महिनोन्‌महिने तिचं नाव नसेल तर संस्थेला फोन करून कारण विचारा. नाव नियमित असेल, दुसरा आणि सातवा एरिया ठीक असेल आणि ताई तुमच्या मुलीशी खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून बोलत असतील, तर 'वर्किंग टुवर्ड्स' असूनही मी मुलीला तिथे ठेवलं असतं. ती रुळल्यावरही एखाद्या दुपारी न कळवता जाऊन या. मूल तिथे आहे तोवर आत यायचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे.