‘तज्ज्ञ’ कशातला? ‘हुशार’ कोण?

प्रश्न आला आहे : ‘तज्ञ’ बरोबर की ‘तज्ज्ञ’? आणि तज्ज्ञ माणसाला हुशार म्हटलं तर चालेल का?

लिहायचं ‘तज्ज्ञ’. तत् + ज्ञ, म्हणजे ‘ते जाणणारा’. पुढे ज आला की त् चा ज् होतो : सत् + जन = सज्जन, उत् + ज्वल = उज्ज्वल. ‘तज्ञ’ लिहिलं की तो ‘तत्’च पुसला जातो, आणि या शब्दाचा जीव तर त्यातच आहे. ‘ते’ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय तज्ज्ञ पुरा होत नाही. बातमीत नुसतं ‘तज्ज्ञांच्या मते’ दिसलं, तर ‘कशातल्या?’ हे विचारायलाच हवं. (‘मृदातज्ज्ञ’मध्ये विषय दोनदा येतो खरा, पण रूप रुळलेलं आहे, खुशाल वापरावं.)

‘हुशार’ फारसीतला. होश म्हणजे भान. ‘हुशार राहा’ म्हणजे सावध राहा. तापातून उठलेल्याला ‘हुशारी वाटते’. ‘बुद्धी’तला बुध् धातूही जागं होण्याचाच. किती माहिती आहे, हे या दोन्ही शब्दांत कुठेच नाही.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर हा फरक लख्ख दिसतो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी वळून बघतो. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो. ती वेळ तो नजरेनं आणि बोटांनी साधतो. काहील लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपून काळा पडतो. इथवर तो पाकातला तज्ज्ञ. पण तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला, तर त्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि पाक कितीही नेमका साधला तरी ढेप घट्ट बसत नाही. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, ओल धरतो. दोष काहिलीत नसतोच. चुलवण पेटवण्याआधी ‘तोड कधीची? रान कुठलं?’ असं विचारतो, तो गुळव्या हुशार.

तेव्हा एकाच माणसाला दोन्ही शब्द लागू शकतात, पण एकाच्या जागी दुसरा नको.

कोल्हापूरच्या तालमींतला ‘वस्ताद’ही फारसी ‘उस्ताद’वरून आलेला. तालमीत तो मानाचा. बाहेर मात्र विषय जोडूनच लिहावा : ‘पाकातला वस्ताद’ ही दाद आहे, नुसतं ‘लई वस्ताद हाय’ म्हटलं, की बहुतेक वेळा अर्थ ‘बिलंदर’ असा घेतला जातो.