पासपोर्ट-व्हिसा नसताना चोरवाटेने दुसऱ्या देशात शिरलेल्या माणसाला निर्वासित म्हणून संरक्षण मागता येतं का? की तो आधीच गुन्हेगार ठरतो?

मागता येतं. १९५१च्या जिनिव्हा निर्वासित कराराच्या ३१व्या कलमात याची सोय आहे. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होता म्हणून थेट पळून आलेल्या माणसाला केवळ विनापरवाना शिरल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. मात्र त्याने उशीर न लावता अधिकाऱ्यांसमोर जावं आणि असं का यावं लागलं ते पटवून द्यावं. ज्या सरकारच्या भीतीने पळायचं, त्याच्याच कचेरीत पासपोर्टसाठी रांग कोण लावणार?

अनेक सरकारं बोट ठेवतात ते या 'थेट' येण्यावर. वाटेत दुसरा देश लागला ना, मग तिथेच का नाही थांबलास? १९९९मध्ये लंडनच्या हायकोर्टाने आदिमी खटल्यात हा युक्तिवाद फारसा मानला नाही. प्रवासात थोडा वेळ थांबल्याने संरक्षण जात नाही, असं म्हटलं. मला तो निकाल बरोबर वाटतो. सगळ्या देशांतली न्यायालयं इतकी उदार नाहीत, हेही खरं.

याहून महत्त्वाचं ३३वं कलम. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येणार असेल, तर माणसाला तिथे परत धाडायचं नाही. अर्जावर निकाल लागेपर्यंतही नाही, कारण निकाल माणसाला निर्वासित बनवत नाही; तो आधीच निर्वासित होता एवढंच मान्य करतो. देशाच्या सुरक्षेला धोका असलेल्यांसाठी या कलमात अपवाद आहे. पण परत गेल्यावर यातना दिल्या जातील असं मानायला सबळ कारण असेल, तर १९८४च्या यातनाविरोधी करारात तोही अपवाद नाही. निर्वासित करारावर सही न केलेल्या देशांनी यातनाविरोधी करार स्वीकारला असेल, तर तिथेही हा आधार उरतो.

आणि हे फक्त जमिनीवर पाय टेकल्यावरच लागू होतं असंही नाही. २००९मध्ये इटलीने सोमाली आणि एरिट्रियन लोकांच्या बोटी भर समुद्रात अडवून त्यांना लिबियात नेऊन सोडलं. २०१२मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इटलीला दोषी धरलं.

आता कटू भाग. फक्त गरिबी किंवा नोकरीचा शोध या कारणावर निर्वासित दर्जा मिळत नाही. अर्ज फेटाळला, अपिलातही हरलं, तर हद्दपारी होऊ शकते. तरीही कागद नसलेला माणूस कायद्याबाहेर फेकला जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये टेक्सासला बजावलं, की अशा मुलांना सरकारी शाळेची दारं बंद करता येणार नाहीत.

तुमच्या ओळखीत कुणी या फेऱ्यात असेल तर अर्ज लांबवू नका. अमेरिकेत साधारणपणे आल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. मुलाखतीला आपल्या भाषेचा दुभाषी असेल याची खात्री करा, आणि वाचून न कळलेल्या कागदावर सही करू नका. तारखा आठवत नसतील तर 'नक्की आठवत नाही' म्हणा. अंदाजाने ठोकून दिलेली तारीख पुढे जुळली नाही, की खरी हकीकतही खोटी वाटू लागते.