बर्फाच्या देशातले डास

प्रश्न : माझा मुलगा फिनलंडमध्ये नोकरीस आहे. जुलैमध्ये आम्ही दोघे त्याच्यासोबत चार दिवस तिथल्या उत्तर टोकाच्या लॅपलंड भागात जाणार आहोत. तो डोक्यावर घ्यायची मच्छरजाळी आणायला सांगतो. इतक्या थंडीत डास जगतात कसे? मलेरियाची गोळी घ्यावी लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचे म्हणणे अवश्य मनावर घ्यावे. लॅपलंडमध्ये हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखाली जातो. तरीही तिथल्या बऱ्याच डासांची अंडी ओल्या मातीत आणि शेवाळात गोठूनही जिवंत राहतात. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस डास याच कुळातला असून, कोरड्या पडलेल्या पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली त्याची अंडी पुढच्या पाण्याची महिनोन्‌महिने वाट पाहतात. इथे जे कोरडेपण सोसले जाते, तेच तिथे गोठणे. मे महिन्यात बर्फ वितळू लागते, पण खालची जमीन अजून गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही, दलदलीत ठिकठिकाणी डबकी साचतात आणि अंडी जवळजवळ एकदमच फुटतात. म्हणून जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत डासांचे अक्षरशः थवे उठतात. रेनडिअरसुद्धा त्यांना टाळण्यासाठी वाऱ्याच्या डोंगरमाथ्यांवर जातात. त्या दिवसांत रात्रीही उजेड असतो, त्यामुळे दिवेलागणीला खिडक्या लावून घेण्याची आपली सवय तिथे पुरत नाही.

माझ्या मते खरा भर कपड्यांवर हवा. बुटाची नाडी बांधायला वाकले, की पाठीवर सदरा ताणला जातो आणि पातळ कापडातून डासाची सोंड नेमकी तिथे आरपार जाते. म्हणून घट्ट विणीचे, सैल, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत आणि पँटचे पाय मोज्यात खोचावेत. उघड्या त्वचेला २० टक्के इकारिडिन किंवा २० ते ३० टक्के डीट असलेले डास दूर ठेवणारे औषध लावावे. आधी सनस्क्रीन, मग हे. डीटमुळे चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम आणि घड्याळाची प्लास्टिकची काच खराब होते, त्यामुळे चष्मा असल्यास इकारिडिनच बरे. अतिबारीक चावऱ्या माश्या साध्या जाळीतून आत येतात, म्हणून जाळी बारीक छिद्रांची निवडावी.

मलेरियाच्या गोळीची गरज नाही. मात्र फिनलंडमध्ये उन्हाळा सरताना डासांमार्फत सिंडबिस विषाणूचा संसर्ग होतो. परतल्यावर अंगावर पुरळ उठले आणि सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांना हा प्रवास आवर्जून सांगावा.