वाचकांचे प्रश्न: वाळवंटात बर्फ पडतो तेव्हा

प्रश्न : आम्ही अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला राहतो. पहाटे बर्फ पडेल असा अंदाज आहे, पण तापमान तर 5 अंश सेल्सिअस दाखवताहेत. 5 अंशांत बर्फ कसा पडेल? मुलांना उठवायचं की झोपू द्यायचं?

उत्तर : पडू शकतो, आणि तो तुमच्याकडच्या कोरड्या हवेच्या कृपेनेच. ढगातून निघालेले हिमकण आणि पाऊस कोरड्या हवेतून खाली येताना थोडे वाफ होऊन उडतात. त्या वाफेला लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून जाते आणि हवा गार पडते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. म्हणून नुसता पारा बघू नका, ‘वेट बल्ब’ तापमान बघा, म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो तो आकडा. हवा 5 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असेल तर वेट बल्ब जेमतेम अर्धा अंश येतो. तेच 5 अंश, पण आर्द्रता 90 टक्के असेल, तर तो 4 च्या वर राहतो आणि मुकाट्याने पाऊस पडतो. ढोबळ हिशेब असा: वेट बल्ब 1 अंशाच्या खाली असेल तर बर्फाची आशा धरा, 2 च्या वर असेल तर सोडा.

घरी मोजायचं असेल तर साध्या थर्मामीटरच्या बल्बला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळा, अंगणात पुठ्ठ्याने चारपाच मिनिटं वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की वाचा. मुलांना मात्र नक्की उठवा. 22 फेब्रुवारी 2019 ला टूसॉन पांढरं झालं होतं तसे दिवस रोज येत नाहीत, आणि ऊन वर आलं की दुपारपर्यंत सगळं आटोपतं.

प्रश्न : मागच्या वेळी फरशीवर पडलेला बर्फ तिथेच विरला. मुलांना स्नोमॅन करायचा होता, हाती चिखल आला. काय चुकलं?

उत्तर : जागा चुकली. काँक्रीट आणि दगडी फरशीत आदल्या दिवसांची ऊब साठलेली असते, पहिला तासभर पडलेला बर्फ ती खाऊन टाकते. बर्फ आधी धरतो तो गाडीच्या टपावर, लाकडी टेबलावर, गवतावर, कारण यांना खालून उष्णता मिळत नाही. तेव्हा गाडी गॅरेजबाहेर काढून ठेवा. टेबल, प्लायवूडची फळी, मोठे ट्रे संध्याकाळीच अंगणात मांडा. बर्फ सुरू झाल्यावर घरातून आणलेलं उबदार ताट बाहेर ठेवलं तर त्यात नुसतं पाणी जमेल.

आता माप. ताजा ओलसर बर्फ 3 सेंटिमीटर साठला तर एका चौरस मीटरवर साधारण साडेतीन किलो मिळतो. 30 सेंटिमीटर व्यासाचा घट्ट दाबलेला गोळा साडेपाच किलोंच्या आसपास भरतो, वरचं 20 सेंटिमीटरचं डोकं पावणेदोन किलो. म्हणजे सव्वासात किलोंचा मामला. गाडीचं टप आणि बॉनेट पुरतं. चित्रातल्यासारखा गोळा जमिनीवर लोळवू नका. इतक्या पातळ थरात बर्फापेक्षा खडी जास्त चिकटते, आणि जवळपास चोया (cholla) नावाचा काटेरी निवडुंग असेल तर त्याचे काटेही. लोकरी हातमोजे पाच मिनिटांत भिजतात. त्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवा.

बर्फ भुरभुरीत असेल, मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर तो जास्त थंड आहे. स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा आणि दाबा. बाहुला घराच्या उत्तरेच्या भिंतीजवळ सावलीत बसवा. तिथेही तो बारीक होत जाईल आणि खाली ओल दिसणार नाही. कोरड्या हवेत बर्फाची, पाणी न होताच, थेट वाफ होते. त्याला इलाज नाही.

प्रश्न : या बर्फाचा काला खट्टा गोळा करता येईल का? पोटाला चालेल?

उत्तर : थोडा खायला हरकत नाही, पण पहिला बर्फ सोडून द्या. वाळवंटी हवेतली धूळ तो खाली घेऊन येतो. तासभर पडू द्या, मग स्वच्छ पातेलं उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून दूर ठेवा. गाडीवरचा बर्फ बाहुल्याला, खायचा पातेल्यातला.

फसतं ते सरबतापाशी. ताज्या बर्फात बहुतेक हवा असते. एक लिटर सैल बर्फाचं पाणी जेमतेम 100 ते 150 मिलिलिटर होतं. गोळेवाल्याच्या किसलेल्या बर्फावर ओततात तसं पातळ सरबत ओतलं की गोळा कोसळतो. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी असा दाट पाक करा, त्यात कोकमाचं आगळ, काळं मीठ, जिरेपूड घाला आणि फ्रीजमध्ये पुरता गार करा. बर्फ पेल्यात चमच्याने घट्ट दाबून भरा आणि वर दोनच चमचे सोडा. काडीवरचा गोळा जमेलच असं नाही, पेल्यातला जमतो.

प्रश्न : फोनवर बर्फाचे फोटो राखाडी येतात.

उत्तर : कॅमेऱ्याला एवढं पांढरं बघवत नाही, तो चित्र काळवंडवतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. एक्सपोजरचा आकडा दिसत असेल तर +1. पडते कण टिपायचे तर मागे गडद भिंत किंवा झाड घ्या.

प्रश्न : महाबळेश्वरलाही बर्फ पडल्याच्या बातम्या येतात, मग यात नवल काय?

उत्तर : वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे गवतावर, गाड्यांच्या टपावर दिसतं ते गोठलेलं दव. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते आणि पृष्ठभागावरच दव गोठतं. ढगातून काही पडलेलं नसतं. पुढच्या प्रश्नात हीच गोष्ट उपयोगी पडेल.

प्रश्न : कुंडीतली तुळस, कढीपत्ता आणि परसातलं लिंबू बर्फात वाचेल का?

उत्तर : खरा धोका बर्फ पडताना नसतो, तो पुढच्या रात्री असतो. ढग असेपर्यंत पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. ढग पांगले, वारा पडला की त्या रात्री तो धाडकन उतरतो. लोक मात्र ऊन पडलं म्हणून चादरी काढून घडी घालतात आणि रात्री झाडं उघडी राहतात.

तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या सरळ घरात घ्या. लिंबू उणे 2 अंशांत काही तास राहिलं तर पानं-फळं जातात. दिवसा मातीला पाणी द्या. ओली माती जास्त ऊब साठवते. संध्याकाळी जुनी चादर जमिनीला टेकेल अशी पांघरा, म्हणजे मातीची ऊब आत कोंडते. खोडाला गुंडाळून वर गाठ मारली तर ती ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक पानांना लागू देऊ नका, लागेल तिथे पान करपतं. आत दिव्यांची माळ सोडायची तर जुन्या तापणाऱ्या बल्बांची, एलईडीची ऊब पुरत नाही. उभ्या निवडुंगांच्या शेंड्यांवर टूसॉनकडचे लोक थर्माकोलचे पेले उपडे घालतात; वेडगळ दिसतं, पण कोवळा शेंडा वाचतो. बागेच्या पाण्याचा जमिनीवरचा पितळी व्हॉल्वही टॉवेलने गुंडाळा, नाहीतर सकाळी तो तडकलेला सापडेल.

फांद्यांवर बर्फ साठला तर झाडूने खालून वर हलकेच उचला. वरून झोडपलं तर फांदी मोडते. पानं काळी पडली तरी लगेच छाटू नका. मेलेली पानं खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या थंडीत पांघरूण होतात. मार्चमध्ये नवी पालवी कुठून फुटते ते दिसलं की मगच कात्री लावा.