बाबांचा बायोडेटा बाबांनाच लिहू द्या

तुमचे वडील लष्करात ब्रिगेडियर असून वयाच्या 56व्या वर्षी, म्हणजे येत्या आठ महिन्यांत, निवृत्त होत आहेत. ‘ज्यांनी तीन हजार जवानांची ब्रिगेड सांभाळली, त्यांना कंपनीत उपाध्यक्षपद तरी मिळायलाच हवे’ असे आई, काका आणि तुम्ही मिळून ठरवले आहे आणि तुम्ही तयार केलेला बायोडेटा कुठे पाठवावा, असे विचारले आहे.

चार पानांच्या या पत्रात बाबांबद्दलचे एकच वाक्य आहे: ‘ते हा विषय टाळतात.’ मला खरी काळजी त्याच वाक्याची वाटते. जिथे बदली झाली तिथे जवळजवळ 35 वर्षे मुकाट्याने जात राहिलेल्या माणसाला आपण कुठे जायचे हे प्रथमच स्वतः ठरवता येणार आहे, आणि नेमके तेच तुम्ही त्यांच्या वतीने ठरवून टाकले आहे. अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन त्यांना मिळणार आहे. तेव्हा ही घाई पैशांसाठी नसून नातेवाइकांत सांगता येईल अशा पदासाठी आहे, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

हुद्द्याला हुद्दा जुळवण्याचा तुमचा हिशेबही चुकीचा आहे. लष्करी अधिकारी मंजूर झालेला निधी चोख वापरतो, परंतु तो निधी ग्राहकांकडून कमावून आणण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. उद्योगातील वरिष्ठ पदे मात्र बहुधा त्याच जबाबदारीवर तोलली जातात. याचा अर्थ फौजी माणसाला केवळ हुकूम सोडता येतो, असा मुळीच नाही. जी माणसे आपण निवडलेली नाहीत आणि मनात आले म्हणून काढूही शकत नाही, त्यांच्याकडून कठीण परिस्थितीत काम करवून घेणे अनेक व्यवस्थापकांना आयुष्यभर साधत नाही. अमेरिकेचे जनरल ल्युशियस क्ले 1950 मध्ये कॉन्टिनेंटल कॅन या कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्यामागे खांद्यावरच्या ताऱ्यांखेरीज महायुद्धकाळात लष्करी खरेदीचा प्रचंड व्याप सांभाळल्याचा अनुभव होता. तुमच्या बायोडेटात हुद्दे आणि पदके आहेत. बाबांनी कोणता प्रश्न कसा सोडवला, याची एकही ओळ नाही.

निवृत्त होणाऱ्या सैनिकांना नव्या कामासाठी तयार करणाऱ्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांची माहिती बाबांना असेलच. संरक्षण साहित्य विकणाऱ्या ज्या कंपनीने ‘मंत्रालयात ओळखी असल्यास प्राधान्य’ असे कळवले आहे, तिला मात्र ताबडतोब नकार द्यावा. तिला बाबांची कर्तबगारी नको आहे, त्यांचे जुने सहकारी हवे आहेत. शिवाय निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात अशी नोकरी पत्करण्यापूर्वी त्यांच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते.

तूर्त तो बायोडेटा कुणालाही पाठवू नका. खोडायला म्हणून बाबांच्याच हाती द्या. आजवरची कोणती नेमणूक पुन्हा मिळाली तर आवडेल, एवढेच त्यांना विचारा आणि आई व काका समोर नसताना विचारा. कदाचित उत्तर प्रशिक्षण केंद्रातील दोन वर्षे असे येईल, कदाचित वर्षभर काहीच करायचे नाही असेही येईल. त्यानंतर मार्गदर्शन हवे असल्यास मला पत्र त्यांनी लिहावे.