'स्टडी'ला कच्चे चित्र म्हणावे का?

मोठ्या चित्राच्या तयारीसाठी आधी काढलेल्या चित्राला इंग्रजीत 'स्टडी' म्हणतात. प्रश्न असा आला आहे: 'स्टडी फॉर द लिबियन सिबिल' या चित्रनावाचे मराठी 'लिबियन सिबिलचे कच्चे चित्र' असे केले तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. कच्चा खर्डा, कच्ची नोंद, कच्ची पावती हे शब्द आठवून पाहा. पक्के हाती आले की कच्च्याचे काम संपते, कारण दोन्हींत मजकूर तोच असतो. इथे तसे नाही. इटालियन चित्रकार मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. त्यातली लिबियन सिबिल ही केशरी-पिवळ्या वस्त्रातली भविष्यवादिनी, भला मोठा ग्रंथ दोन्ही हातांनी पेलून धरलेली. तिच्यासाठी लाल खडूने काढलेला कागद आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्यावर ग्रंथ नाही, वस्त्र नाही, स्त्रीही नाही. पाठमोरा बसलेला विवस्त्र पुरुष आहे! पाठीचे स्नायू पिळले की कुठे उंचवटा येतो नि कुठे खळगा, हे त्यात बारकाईने पाहिले आहे. बाजूला चेहरा पुन्हा काढलाय, हात पुन्हा काढलाय, आणि खाली डाव्या पायाची बोटे, ज्यांच्यावर शरीराचा भार येतो, ती तर पुन्हा पुन्हा.

म्हणून मला 'अभ्यासचित्र' हा शब्द अतिशय आवडतो. संस्कृतात 'अभ्यास' म्हणजे मुळात आवृत्ती, तेच परत करणे. पाणिनीच्या व्याकरणात द्वित्व झालेल्या धातूच्या पहिल्या भागालाही अभ्यासच म्हणतात, जसा 'ददाति'तला पहिला 'द'. पायाची तीच बोटे पुन्हा काढणाऱ्या हाताला याहून नेमका शब्द कुठून आणणार? 'रेखाटन'ही चुकीचे नाही, पण ते सहज केलेल्या रेषांनाही लागू पडते, त्यामुळे जरा सैल वाटते.

भिंतीवर उतरवायच्या पूर्ण मापाच्या चित्राला मात्र हा शब्द लावू नये. ते 'कार्टून', इटालियन 'कार्तोने' म्हणजे मोठा जाड कागद. व्यंगचित्राचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. त्याच्या रेषांवर टाचणीने भोके पाडत आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत, की खाली ठिपक्यांची रेघ उमटे. मुघल आणि राजस्थानी चित्रशाळांतही हेच तंत्र होते, आणि तिथे अशा भोके पाडलेल्या चित्राला 'खाका' म्हणत. फारसी 'खाक' म्हणजे धूळ, माती. आपल्या 'जळून खाक'मधला तोच.

आता मूळ नावाकडे. 'लिबियन सिबिलसाठी अभ्यासचित्र' असे लिहा. 'सिबिलचे' नको, 'सिबिलसाठी'च हवे, कारण त्या कागदावर सिबिल नाहीच.