दोघा भावांच्या दुकानाला पॅन दुकानाच्या नावाने मिळतं का? ‘टिन नंबर’ वेगळा काढावा लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उदगीरला तुम्ही आणि धाकटा भाऊ मिळून पाण्याच्या मोटारी, पाईप आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकताय. गाळा वडिलांच्या नावावर आहे. तुमचं पॅन आहे, भावाचं नाही. ओळखीचा एजंट म्हणतो, "दुकानाचं पॅन, टिन, जीएसटी सगळं एकदाच काढून देतो." मी लातूरला कर सल्लागाराचं काम करतो, त्याआधी आडत दुकानात मुनीम होतो. तुमच्यासारखे दोघे भाऊ सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीच्या आसपास येऊन हेच विचारतात.

आधी टिन डोक्यातून काढून टाका. टिन हा व्हॅटचा, म्हणजे जीएसटीच्या आधीच्या विक्रीकराचा नंबर होता. आपल्याकडे २७ ने सुरू व्हायचा आणि शेवटी ‘व्ही’ असायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तुमच्यासारख्या दुकानापुरता टिनचा विषय संपला. जुने व्यापारी अजूनही जीएसटी नंबरलाच टिन म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण टिनचे आणि जीएसटीचे वेगवेगळे पैसे कुणी मागत असेल तर तिथून उठा.

आता पॅन. दुकानाला पॅन नसतं. ज्याचा धंदा आहे त्याला असतं. तुमचं कार्ड हातात घ्या आणि चौथं अक्षर बघा, ‘पी’ असेल. पी म्हणजे व्यक्ती. भागीदारी फर्मच्या पॅनमध्ये त्या जागी ‘एफ’ येतो, कंपनीला ‘सी’, एकत्र हिंदू कुटुंबाला ‘एच’, ट्रस्टला ‘टी’. दुकानासाठी वेगळं अक्षरच नाही. तुम्ही एकटे मालक असाल तर बोर्डावर ‘श्री हावगीस्वामी इलेक्ट्रिकल्स’ लिहा नाहीतर आणखी काही, आयकर खात्याच्या दृष्टीने कमावणारे तुम्हीच आणि नंबर तुमचाच. बँकेतलं करंट खातं दुकानाच्या नावाने निघतं, पण त्याच्या मागे पॅन तुमचंच लागतं. ‘दुकानासाठी’ म्हणून तुमच्याच नावाने दुसरं पॅन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका माणसाने दोन पॅन ठेवले तर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

म्हणजे खरा प्रश्न नंबरचा नाहीच, धंदा कुणाचा हा आहे. तुमचा एकट्याचा की दोघांचा? हे तुम्ही दोघांनी घरात बसून ठरवायचं, एजंटच्या टेबलावर नाही.

एकट्याच्या नावावर केला तर काम सोपं. नवं पॅन नको, करारनामा नको. भावाला पगार दाखवता येतो. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर व्यक्तीला आयकर भरावा लागत नाही. नव्या दुकानाचा नफा तिथवर जायला वेळ लागतो.

भागीदारी केली की फर्म हा वेगळा ‘माणूस’ झाला. त्याचं पॅन वेगळं, रिटर्न वेगळं. नफा असो वा तोटा, फर्मला दरवर्षी रिटर्न भरावंच लागतं. फर्मला १२ लाखांची सवलतही नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस (उपकर). घाबरू नका. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज करारनाम्यात लिहिलेलं असेल तर कायद्यातल्या मर्यादेत आधी वजा होतं, आणि उरलेल्यावर फर्मने कर भरला की नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात पुन्हा करपात्र होत नाही. पण १ एप्रिल २०२५ पासून एक भानगड वाढली आहे. फर्मने एका भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच त्याचा आयकर, कापावा लागतो. टीडीएस कापायचा म्हणजे टॅन नावाचा आणखी एक नंबर लागतो. पॅन आणि टॅन दोन्ही दहा-दहा अक्षरांचे, म्हणून लोक एक समजतात. टॅन फक्त दुसऱ्याचा कर कापून भरणाऱ्याला लागतो.

माझं मत विचाराल तर पैसा एकाचा आणि दुसरा हाताखाली राबणार असेल तर एकट्याच्या नावावर करा. दोघांनी बरोबरीने पैसा घातला असेल तर कराचे चार रुपये जास्त गेले तरी चालतील, भागीदारीच करा. मोठ्याच्या पॅनवर दहा वर्षं चाललेल्या दुकानात धाकट्याचा कागदोपत्री काहीच हक्क नसतो. मग भाऊबंदकीत काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

भागीदारी ठरली तर क्रम असा: आधी स्टॅम्पवर करारनामा, मग फर्मचं पॅन, मग बँक. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी झालेली नसली तरी पॅन मिळतं, करारनाम्याची प्रत चालते. फर्मचं नाव करारनाम्यात जसं आहे तसंच अर्जात लिहायचं, पुढे ‘मे.’ (मेसर्स) लावायचं नाही. स्थापनेची तारीख म्हणजे करारनाम्याची तारीख, दुकानाचं उद्घाटन कधी झालं ती नाही. लोक हौसेने पाडव्याची तारीख टाकतात आणि मग पॅनवर एक, करारावर दुसरी. अर्ज प्रोटीन (पूर्वीचं एनएसडीएल) किंवा यूटीआयच्या साइटवर होतो, भारतातल्या पत्त्यावर छापील कार्ड हवं असेल तर फी १०७ रुपये.

भावाच्या पॅनला मात्र एक रुपयाही लागत नाही. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर ‘इन्स्टंट ई-पॅन’ आहे. आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. बहुतेक वेळा त्याच दिवशी पीडीएफ मिळते. तिचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष सलग आठ आकडे. अटी तीनच: याआधी कधी पॅन काढलेलं नसावं, वय १८ पूर्ण असावं, आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख असावी.

ही तिसरी अट आपल्याकडे नडते. खेड्यातल्या कितीतरी आधारवर नुसतं जन्मवर्ष आहे. ते असेल तर इथे गाडी पुढेच सरकत नाही, आधी आधार केंद्रावर जाऊन तारीख घालून घ्यावी लागते. १ जून ही अर्ध्या गावाची जन्मतारीख आहे, मास्तरांच्या कृपेने, ती बिनधास्त चालते. फक्त टी.सी., आधार आणि पॅन तिन्हीवर एकच असू द्या.

नावाचं तर विचारूच नका. टी.सी.वर ‘बालाजी’, आधारवर ‘बालाजीराव’, बँकेत ‘बालाजी’ आणि पुढे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बायकांच्या नावाला ‘बाई’ कुठे जोडून, कुठे सुटं, कुठे गायब. इन्स्टंट पॅनमध्ये आधारवरचं नाव जसंच्या तसं उतरतं. म्हणून बटण दाबायच्या आधी आधार दुरुस्त करा. आणि तिथेही जपून, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. पुढे घरातल्या बाईचं पॅन कागदी अर्जाने काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात वडिलांचंच लिहायचं, लग्न झालेलं असलं तरी. निम्म्या अर्जांत तिथे नवऱ्याचं नाव येतं.

तुमचं स्वतःचं पॅन जुनं आहे, तर ते आधारला जोडलेलं आहे का हे त्याच पोर्टलवर बघून घ्या. नसेल तर ते निष्क्रिय पडलेलं असू शकतं, आणि १,००० रुपये भरून जोडावं लागेल.

एजंटकडे जायला माझी ना नाही, सगळ्यांनाच हे जमत नाही. पण अर्जात मोबाइल आणि ईमेल कुणाचा टाकतोय ते त्याच्या स्क्रीनकडे मान वळवून बघा. घाईत स्वतःचाच नंबर टाकायची त्यांची सवय असते, शंभर गिऱ्हाइकांचे ओटीपी एकाच फोनवर येतात, त्यांना सोयीचं पडतं. मग एजंटशी वाजलं किंवा त्याने नंबर बदलला की तुमचं जीएसटी लॉगिन तुम्हालाच उघडत नाही. एका गिऱ्हाइकाला जीएसटीची नोटीस आल्याचं कितीतरी दिवस कळलंच नाही, कारण मेल जात होता गाव सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर. अधूनमधून जीएसटीच्या साइटवर ‘सर्च बाय पॅन’ मध्ये आपलं पॅन टाकून बघा. आपल्या पॅनवर आपण न काढलेला नंबर दिसला तर लगेच तक्रार करा. पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही मारावी.

जीएसटी नंबर लागेलच का, हेही तुमच्या धंद्यावर आहे. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी लागते. पण तुम्ही रिवाइंडिंगही करणार, ती सेवा झाली. माल आणि सेवा दोन्ही असतील तर मर्यादा ४० ची नाही, २० लाखांची. मोटारी-पाईपच्या धंद्यात एका हंगामात तिथवर जाता येतं. शिवाय उदगीरहून कर्नाटकातलं बीदर फार लांब नाही. साधं गिऱ्हाईक तिकडून येऊन गल्ल्यावर पैसे देऊन मोटार घेऊन गेलं आणि बिलावर त्याचा तिकडचा पत्ता नसेल तर ती इथलीच विक्री. पण तुम्ही टेम्पोत घालून माल बीदरच्या दुकानदाराला पाठवला की ती आंतरराज्य विक्री, आणि मग उलाढाल कितीही असो, नोंदणी पहिल्या बिलापासून. म्हणून तुमच्या बाबतीत मी तरी सुरुवातीलाच नंबर घ्या म्हणेन. त्याची सरकारी फी शून्य आहे, एजंट घेतो ती त्याच्या मेहनतीची. गाळा वडिलांचा, म्हणून त्यांचं संमतीपत्र आणि लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती लागेल.

नंबर येईल तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तेच पॅन. एकट्याच्या नावावर नंबर घेतलात आणि दोन वर्षांनी भागीदारी केलीत तर पॅन बदललं, म्हणून जीएसटी नंबरही नवा घ्यावा लागतो. बिलबुकं, कंपन्यांच्या डीलरशिपचे कागद, बँक, सगळं पुन्हा. त्यामुळे घरातला तो निर्णय आत्ताच करा.

आणि बोर्ड रंगवायला टाकायची घाई नको. नोंदणी झाल्यावर जीएसटी नंबर दर्शनी बोर्डावर लिहावा लागतो, नंबर हातात आला की मगच पेंटरला बोलवा.